शंभर घोडे आणि सुगंधाक्कांची चाल

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा, एक प्रश्न विचारतो! देव उद्या समोर उभा राहिला आणि म्हणाला, "माग काय मागायचं ते!" — तर काय मागाल? बळ! सगळे बळच मागणार! पण ते कशाला हवंय, हे सांगता येईल? नाही ना? मग ऐका.

कोल्हापुरात आप्पासाहेब मगदूम नावाचे गृहस्थ. त्यांच्याकडे वडिलांची गाडी — एकोणीसशे अडतीस सालची! गावातल्या निम्म्या जोडप्यांची वरात त्या गाडीतून निघालेली. पण खालची चॅसी, म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा, गंजून गेली, इंजिननं मान टाकली. आणि त्याच वर्षी लेकीचं, पद्माचं, लग्न ठरलं!

आप्पासाहेबांच्या मंडळी सुगंधाक्का. गुडघ्यांनी बेजार! पण त्यांनी एकच हट्ट धरला — "कार्यालयापासनं तिच्या सासरच्या दारापतूर मी गाडीच्या दाराला हात लावून चालणार. पद्मीशी तेवढंच बोलणं हुईल." अहो, आईचं मागणं केवढं? अर्ध्या मैलाचं!

आप्पासाहेब गेले बाबालाल मिस्त्रीकडं. मिस्त्रीनं चॅसीची दोन किटं दाखवली. एक जुन्या मापाचं, साधं, बारक्या डिझेल इंजिनाला बसणारं. दुसरं रुंद, भक्कम — त्यावर शंभर घोड्यांचं इंजिन!

"दुसरं!" आप्पासाहेब म्हणाले.

"मालक, ही गाडी करती काय?"

"काय म्हंजे? वरातीत फिरती!"

"मग शंभर घोडी पळवायची कुठं? बँडच्या अंगावर?"

पण ऐकतील तर ते आप्पासाहेब कसले! हसताय? घरात माणसं चार आणि पन्नास जणांचा कुकर घेणारे तुम्हीच ना?

झालं! बॉडी उचलली, नव्या चॅसीवर ठेवली, इंजिन बसलं. लग्नाचा दिवस उजाडला. अक्षता पडल्या, वरात सजली. पुढं बँड, मागं नवरा-नवरी, स्टेअरिंगवर खुद्द आप्पासाहेब, आणि दाराला हात लावून सुगंधाक्का. त्यांनी तोंड उघडलं — "पद्मे, हे बघ..."

आप्पासाहेबांनी क्लच सोडला. गचका! इंजिन बंद! परत चालू केलं, परत गचका! पहिल्या गिअरलाच ते इंजिन पळायला बघतंय, त्याला चालणं माहीतच नाही! तिसऱ्या वेळी आप्पासाहेब चिडले, पाय दाबला — आणि गाडी सुटली! बँडवाले गटारीच्या कडेला! क्लॅरिनेट एकीकडं, वाजवणारा दुसरीकडं! दीड मिनिटात वरात सासरच्या दारात. दारात कोण? कुणी नाही! सासूबाई अजून केस विंचरतायत!

मागून पद्माचा आवाज आला, "आप्पा, आई मागं राहिली."

मंडळी, तिथं तो माणूस हलला. बळाची सगळी घमेंड उतरली. गाडी वळवली, आला परत. रस्त्याच्या मधोमध सुगंधाक्का उभ्या, हात अजून तसाच पुढं. आप्पासाहेबांनी गाडीचं तोंड पुन्हा सासरकडं केलं आणि इंजिन बंद केलं. खाली उतरले. जावयाला म्हणाले, "तुम्ही स्टेअरिंग धरा." फेटा कमरेला बांधला आणि मागून ढकलायला लागले!

बाबालाल धावत आला, "न्यूट्रल करा, मालक, न्यूट्रल!" व्याही आले, आचारी आले, बँडवालेही आले. शंभर घोडे आत गपगार आणि बाहेर वीस माणसं घामाघूम! अर्ध्या मैलाला पाऊण तास लागला. सुगंधाक्का पाऊण तास बोलत होत्या. काय बोलल्या? आमटीच्या मिठापासून सुरुवात झाली, एवढं ढोलवाल्यानं ऐकलं. पुढं दोघी रडल्या आणि मग हसल्यासुद्धा. आप्पासाहेब मागं वाकलेले. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

आता सांगा, बाप्पांनो! दोन वेळचं पोट, पायाखाली घर — सगळं असताना अजून मोठं, अजून जोरात म्हणून देवाच्या दारात रांग लावता. पण तुमच्या गाडीच्या दाराला कुणाचा हात आहे, हे कधी वळून बघितलंत? आज घरी जाल, तेव्हा तुमच्याबरोबर पायरी चढताना कुणाचे गुडघे दुखतात, बघा. आणि तेवढ्यापुरतं, माउली, इंजिन बंद करा. हं, उचला टाळ!