वसंताला काय आवडे

अनसिंगच्या मोटार स्टँडवर तिकिटाच्या खिडकीपुढे जगदेवराव रांगेत उभे होते. देवीच्या साथीत गेलेल्या त्यांच्या मुलाच्या, वसंताच्या नावाने आज वाशीमच्या हायस्कुलात गाण्या-नाटकाच्या पोराला शिष्यवृत्ती मिळायची होती. त्यांच्या पुढच्या बाईच्या हातात शाळेचंच पत्र होतं, आणि ती भावाशी हुज्जत घालत होती.

"भाऊ, मेलेल्या पोराच्या नावाचं आपन काहून घ्यावं?"

"तुया जन्या गाते म्हनून. शिकाले."

"मंग त्यानं गावं कोनासाठी? मेलेल्यासाठी?"

"नाई वं पंचफुला. शाळेत गावं."

"त मेलेल्याले काय भेटते?"

"मले काय मालूम. हेडमास्तरले इचार."

"फुकटचं नाई घेत मी. नावानं घेतलं त नावानं जेवू घाला लागते. त्याच्या जागी जन्याले पाटावर बसवतो. पन त्या पोराले आवडे काय, थे कोन सांगन?"

"कागदात अशीन."

"तुले वाचता येते?"

"नाई."

बाई मागे वळली. "बाबाजी, पाह्यता काय? त्या पोराले खायले काय आवडे, थे लिव्हलं हाय?"

जगदेवरावांनी पत्र घेतलं. वसंताचं नाव, हेडमास्तरांची सही, शाळेचा शिक्का. खाण्याचं काही नव्हतं.

"लिव्हलं हाय. पातोड्यांचा रस्सा. जहाल तिखट."

"गानाऱ्या पोराले तिखट?"

"आइकत नव्हता."