शनिवारचा घाणा

भोकरदनच्या स्टँडवर मी जालन्याच्या गाडीची वाट पाहत होतो. मागच्या बाकावर नवरा-बायको बसले होते. बाईच्या मांडीवर वाचनालयाचं पुस्तक उघडं होतं.

"उषे, एवढं हाय तरी काय त्याच्यात?"

"कोकणातले बेने इस्राएल हायेत. ज्यू लोक. आपल्यासारखं मराठी बोलतेत. पहिले तेलाचे घाणे चालवायचे."

"मंग त्यात काय नवल?"

"शनिवारी घाणा बिलकुल बंद! म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे."

"अन् गिऱ्हाईक आलं तर?"

"आल्या पावली परत. मालकाला सुट्टी, बैलाला बी सुट्टी."

"बैलाला बी?"

"त्यांच्या धर्मग्रंथातच लिव्हलंय."

"लय भारी लोक! मुक्या जनावराचा बी इचार केला."

"मंग मी काय बैलाहून कमी हाय?"

"आज शनिवार... म्हणून सकाळी चहा भेटला न्हाई व्हय!"

"दिवसभर देवाचं नाव, आराम अन् वाचन. मी बी तेच करून राह्यले."

"कर, कर. मी आईला फोन लावतो. आज सैपाक ती करंल."

"लावा की. हे पुस्तक माझ्याआधी त्यांनीच वाचलंय."