होक्सीवरच्या चौदा ओळी

वॉशिंग्टनला पेन्शन समितीच्या दाराबाहेर त्या दुपारी अकरा माणसं, तीन कुबड्या आणि एक थुंकदाणी होती. माझ्या शेजारची विधवा, मिसेस होक्सी, समितीच्या कारकुनाशी बोलत होती.

“बाई, तुमच्या नावाचं पेन्शनचं विधेयक दोन्ही सभागृहांनी मंजूर केलं होतं. राष्ट्राध्यक्षांनीच नाकारलं.”

“पेन्शन गेली खड्ड्यात. नाकारताना कारण काय छापलंय, ते वाचा. मोठ्यानं!”

“‘सदर सैनिक दारूच्या नशेत घोड्यावरून पडून मेला.’”

“हे आमच्या गावच्या पेपरात आलं. चर्चमध्ये माझ्या बाकावर आता कुणी बसत नाही. अहो, यादवी युद्धातल्या शायलोच्या लढाईतली गोळी होती माझ्या नवऱ्याच्या मांडीत. तो पाय रिकिबीत टिकायचाच नाही!”

“तसा पलटणीच्या डॉक्टरचा दाखला नाही.”

“डॉक्टर त्याच लढाईत मेला. उकरून आणू त्याला?”

“रागावू नका.”

“मग कधी रागावू? तुमचे समितीवरचे साहेब मतं मागायला आले, तेव्हा माझ्या घरची अख्खी कोंबडी खाऊन गेले. सांगा त्यांना, ते वाक्य खोडा.”

“छापलेलं खोडता येत नाही. फार तर पुन्हा नवं विधेयक आणता येईल.”

“आणि तेही नाकारलं तर?”

“तर पुन्हा कारण छापतील.”

तिनं कारकुनाच्या हातातला तो छापील कागद ओढून त्याच्याच अंगावर फेकला आणि ती निघून गेली. कागद माझ्या बुटांपाशी पडला. मी ओळी मोजल्या. एकूण चौदा होत्या: दारूवर आठ, घोड्यावर पाच, गोळीवर एक.