पाणी गेलं

(उंच पाण्याच्या टाकीचा माथा. ऊन. कठड्याला टेकवून ठेवलेला, व्हिडिओ कॉलचा पाटीएवढा एक पडदा.)

साहेब : तुमचं केंद्र बंद झालं, सिस्टर. आता असं समजा, की मी हे बोललोच नाही. मी चौकशीला आलोय आणि निकाल चौकशीनंतर लागायचा असतो.

सिस्टर : बरं. मीही ऐकलं नाही. आधी बसा, धाप लागलीय तुम्हाला. कठड्याला रेलू नका, तो नुसता रंगावर उभा आहे.

साहेब : आरोग्य केंद्र टाकीवर कोण काढतं हो?

सिस्टर : जिला खाली रेंज मिळत नाही, ती. अख्ख्या डोंगरात शहरातल्या डॉक्टरबाई पडद्यावर दिसतात त्या फक्त इथं. पेशंट खाली पंपघरात झोपवायचा, पडदा वर. टाकीला नऊ वर्षं झाली, पण पाण्याचा थेंब आला नाही. त्यामुळे कुणाची अडचण नाही.

साहेब : अडचण मला आहे. वर्षभरात तुमच्याकडून आमच्या आरोग्य खात्यात एकही पेशंट आलेला नाही. शून्य! शून्य पेशंटना पडदा कशाला? बारा वाजता सिमकार्ड काढून जप्त करायचा, असा हुकूम आहे.

सिस्टर : शून्य? अहो, चारशे बारा झाले! अकरा वस्त्यांवर अकरा बायका तयार केल्यात मी. बीपीचं यंत्र पिशवीत टाकून घरोघर फिरतात. एकेक नोंद मी स्वतः पाठवते. उत्तरंही येतात.

साहेब : उत्तरं? कुणाची?

सिस्टर : वरून येतात. जरा चमत्कारिक असतात, पण म्हटलं, वरिष्ठ आहेत. वाचा ना.

साहेब : 'गुडघ्यात पाणी झालंय.' उत्तर : 'पाणी पोहोचल्याबद्दल अभिनंदन.' ...हे काय? 'डाव्या डोळ्यातून सतत पाणी.' उत्तर : 'वॉशर बदलावा.' सिस्टर, हा पाणीपुरवठा खात्याचा शिक्का आहे!

सिस्टर : काय सांगता!

साहेब : 'ठिकाण' या रकान्यात काय भरलंत तुम्ही?

सिस्टर : जे आहे ते. 'पाण्याची टाकी.'

साहेब : संपलं. 'पाणी' दिसलं की यंत्र नोंद तिकडे ढकलतं. चारशे बारा माणसं पाणीपुरवठ्यात वाहून गेली, आणि तुम्हाला वर्षभर संशय आला नाही?

सिस्टर : आला ना. त्या आजोबांना वॉशर कुठं बसवायचा, याचा मी दोन दिवस विचार केला. पण उपचार डॉक्टरबाई समोर बसून सांगतात, ते चोख. आणि वरून आलेल्या उत्तरात अर्थ शोधायचा नसतो, हे तुमच्याच ट्रेनिंगमध्ये शिकले. ठिकाण बदलून टाकू मग.

साहेब : एकदा भरलं की बदलत नाही. अर्ज करावा लागतो, याच यंत्रातून. थांबा, ही शेवटची नोंद... 'पाणी गेलं. पहिलटकरीण, घाबरली आहे.' उत्तर : 'चार वाजता येईल.' हे कधीचं?

सिस्टर : आज सकाळचं. ती खालीच आहे. चारपर्यंत कुठली थांबतेय!

साहेब : खाली? आत्ता? हॉस्पिटल किती लांब आहे?

सिस्टर : पाच तास. तेही रस्ता शुद्धीवर असला तर. किती वाजले?

साहेब : अकरा चाळीस.

डॉक्टरबाई : (पडद्यावरून) सिस्टर, मला सगळं ऐकू येतंय. कळा लागोपाठ आहेत म्हणालात ना? खाली जा.

सिस्टर : निघालेच. पडदा धरणाऱ्या काकू आज खाली उशाशी आहेत, ती त्यांचीच सून. साहेब, तुम्ही धरा. डॉक्टरबाई बोलतील ते खाली ओरडायचं, मी ओरडेन ते त्यांना सांगायचं.

साहेब : मी? मी जप्त करायला आलोय!

सिस्टर : मग जप्त करूनच धरा. घट्ट.

डॉक्टरबाई : तुम्ही कोण?

साहेब : मी... चौकशी.

डॉक्टरबाई : छान. मग चौकशी करा, डोकं दिसतंय का?

साहेब : सिस्टर! डोकं दिसतंय का?

सिस्टर : (खालून) दिसतंय! जावळ दाट आहे!

साहेब : जावळ दाट आहे म्हणतात.

डॉक्टरबाई : जावळाचं राहू द्या. डोकं बाहेर आलं की नाळ मानेभोवती आहे का, ते बोटानं बघायला सांगा.

साहेब : नाळ बघा, सिस्टर! मानेभोवती!

सिस्टर : आहे! एक वेढा!

साहेब : आहे. बाई, आहे! आता काय?

डॉक्टरबाई : आधी पडदा सरळ धरा, मला नुसतं आभाळ दिसतंय. वेढा सैल असेल तर डोक्यावरून अलगद काढायचा. ओढायचं नाही.

साहेब : सैल असेल तर डोक्यावरून! अलगद! ओढू नका, हा हुकूम आहे!

सिस्टर : निघाला! बाळ आलं! ...साहेब, रडत नाही.

साहेब : रडत नाही. बाई, ते रडत नाहीये.

डॉक्टरबाई : कोरड्या कापडानं पुसायचं. पाठ चोळायची. तळव्यांना टिचक्या.

साहेब : पुसा! पाठ चोळा! टिचक्या, तळव्यांना टिचक्या! ...सिस्टर? सिस्टर, उत्तर द्या. अहो, कुणीतरी उत्तर द्या!

डॉक्टरबाई : मला ऐकू आलं. तुम्हाला नाही आलं?

साहेब : ...आलं.

डॉक्टरबाई : वार पडायचीय अजून. तुमचे बारा वाजले का?

साहेब : माझं घड्याळ अकरा चाळीसला बंद पडलंय, बाई.

सिस्टर : (वर येत) मुलगी! दोघी ठीक आहेत, वारही पडली. अहो, पडदा ठेवा आता खाली.

साहेब : सिस्टर, मी शून्य लिहिलेला अहवाल घेऊन आलो होतो. टाईप करून. सही करून.

सिस्टर : त्याच्या मागची बाजू कोरी आहे ना? मी सांगते, लिहा. ठिकाण बदलायचा अर्ज.

साहेब : पण यात 'पाणी' येणार. अर्जही तिकडेच जाईल.

सिस्टर : जाऊ द्या. लिहा. 'पाण्याच्या टाकीवरील आमची चारशे बारा माणसं, अधिक आज आलेली एक, पाण्यातून काढून माणसांत धरावीत, ही नम्र विनंती.'