सहा दारांची रांगोळी

इंदिराबाई : “कुलूप नंतर. आधी दारात रांगोळी. घर एकटं सोडलं तरी मुकं सोडू नये, सूनबाई.” तुझी आजी असं म्हणायची, रतिलाल. बैलगाडी जुंपून तयार, मामंजी बाहेरून हाका मारताहेत, आणि मी आपली उकिडवी बसून ठिपके मोजते आहे.

रतिलाल : आई, रांगोळीनं चोर थांबले असते तर मी हे सात लिव्हरचं कुलूप कशाला आणलं असतं? ऐक माझं. बेबी आणि तिची आई आधीच गावी गेल्यात, मी उद्या सकाळच्या गाडीनं एरंडोलला जातो, तिथून गावी. तू यंदाही इथेच थांब.

इंदिराबाई : मागच्या श्रावणातही हेच म्हणालास. थांबले. गावात आपली देवी कानबाई बसली, रोटांचा नैवेद्य झाला, सगळं भाऊबंद एका पंगतीला जेवलं. आणि मी इथे जळगावात दाराला पाठ लावून बसले, रखवालदारासारखी.

रतिलाल : मग? घर वाचलं ना? त्याच्या आदल्या वर्षी याच गल्लीत दोन घरं फुटली होती. कानबाईच्या रविवारी अख्खी कॉलनी आपापल्या गावी जाते, हे चोरांना पंचांग न बघता कळतं. आणि आता तर बेबीच्या लग्नाची भांडी, साड्या, शिलाई मशीन, सगळं आतल्या खोलीत आहे. काही गेलं तर मार्गशीर्षात तिच्या सासरच्यांना काय तोंड दाखवू?

इंदिराबाई : तुझी काळजी खोटी नाही, बाळा. पण यंदा रोटांच्या दळणाचा मान आपल्या घराचा आहे. सासूबाई गेल्या त्या दिवशी त्यांचा हात माझ्या हातात होता. म्हणाल्या, मान आला की जातं तू ओढशील. मी हो म्हटलंय. मी जाणार.

रतिलाल : आणि घर?

इंदिराबाई : घराचंही बघणार. तुझं काय काय ठरलंय ते तर सांग.

रतिलाल : पुढच्या दाराला हे कुलूप. ओट्यावरचा दिवा तीन दिवस चालू. झालं.

इंदिराबाई : दिवसाउजेडी दिवा जळताना दिसला की आंधळ्यालाही कळेल, घरात विझवणारं कोणी नाही. आणि एवढं मोठं कुलूप पुढे लोंबकळलं की पाटीच लागली, आम्ही गावी गेलोत म्हणून. त्यापेक्षा पुढचं दार आतून अडसर घालून लावू. मागच्या दारानं निघू. तुझं कुलूप तिथे लाव. ते दार शेजारच्या नानांच्या अंगणातून दिसतं.

रतिलाल : नाना तरी कुठे...

तोताराम नाना : शे का कोनी घरमा? माझंच नाव निघालं वाटतं!

इंदिराबाई : या नाना, बसा. रतिलाल, तूच विचार त्यांना. उन्हाळ्यात आखाजीच्या सणानंतर त्यांच्या घरात चोर शिरला तो कसा.

रतिलाल : ते ठाऊक आहे. भरदुपारी. नाना झोपले होते.

तोताराम नाना : झोपलो कसला, डोळा लागला होता नुसता. मागच्या दारानं आला. हंड्याला हात घातला अन् मी धरलं मनगट! एकवीस वर्षं एस.टी.त कंडक्टर होतो मी, बिनतिकिटाचा माणूस मला पायावरून कळतो. म्हटलं, उतर खाली! तो बिचारा थरथर कापे. चपला सोडून पळाला. ह्याच त्या.

रतिलाल : चोराच्या चपला घालता तुम्ही, नाना?

तोताराम नाना : चांगल्या शेतस रे! माझ्या मापाच्या.

इंदिराबाई : पळायच्या आधी तो काय म्हणाला, ते सांगा ना.

तोताराम नाना : ते सोडा, अक्का.

इंदिराबाई : सांगा. त्याच्यासाठीच बोलावलं तुम्हाला.

तोताराम नाना : म्हणाला... बाबा, मला वाटलं घर रिकामं आहे. महिनाभर येता-जाता बघतोय, दारात ना सडा, ना रांगोळी. मी जित्ता माणूस घरमा, अन् तो म्हने घर रिकामं शे!

इंदिराबाई : ऐकलंस, रतिलाल? नानांच्या भागाबाई होत्या तोवर त्यांच्या दारात कधी खंड पडला नाही. त्या गेल्या, आणि नाना आत असूनही घर बंद दिसायला लागलं.

रतिलाल : म्हणजे नानांनी आपल्या दारात रांगोळी घालायची?

इंदिराबाई : आपल्याच का? गल्लीतली सहा घरं जाताहेत. नानांच्या कुळाची कानबाई पुढच्या रविवारी बसते, म्हणून या रविवारी ते इथेच आहेत. उद्या, परवा, सोमवारी. तीन सकाळी. सडा, चार ठिपके, तुळशीला तांब्याभर पाणी. पेपर आला तर उचलून ठेवायचा. तेवढं केलंत तर मी जात्यावर बसेन, नाना.

तोताराम नाना : मी? गडीमाणूस? लोक हसतील, अक्का!

इंदिराबाई : लोक गावी असतील. बघायला राहणार कोण?

तोताराम नाना : चोर.

इंदिराबाई : त्यानंच बघायला हवी.

रतिलाल : नाना, हसू नका, मला खरंच सांगा. जमेल तुम्हाला? बेबीचं सगळं आत आहे.

तोताराम नाना : अरे, घाट उतरताना पन्नास माणसं माझ्या भरवशावर झोपायची. माझ्या अंगणातून तुझं मागचं दार मी दिवसभर बघीन. ती काई मोठी गोष्ट नही. पण हे ठिपके... हात थरथरतो. रेघ कुठली सरळ येणार?

इंदिराबाई : वाकडी येऊ द्या. दोन बोटांची चिमूट धरायची आणि हात चालता ठेवायचा. थांबला की गोळा पडतो. चातुर्मासात मी रोज तेहेतीस गोपद्मं काढते, तीही कुठे सारखी येतात? देव मोजतो, मापत नाही. थांबा, रांगोळी देते पुडीत बांधून.

तोताराम नाना : पुडी नको.

इंदिराबाई : का हो?

तोताराम नाना : भागाबाईचा डबा फडताळात आहे. भरलेला असेल. मी उघडला नाही अजून.

इंदिराबाई : बरं. मग तोच घ्या. आणि नाना, पुढच्या रविवारी तुम्ही निघालात की तुमच्या दारची रांगोळी माझ्याकडे.

तोताराम नाना : मी कुठे जातो आता? एकट्याची कसली रोटं...

इंदिराबाई : भाऊबंद वाट बघतात. जा तुम्ही. तुमच्या दारात खंड पडणार नाही.

(शनिवारची पहाट. इंदिराबाई आणि रतिलाल पिशव्या घेऊन मागच्या दारानं बाहेर आले आहेत.)

रतिलाल : ओढून बघितलं, आई. दोनदा. चल, रिक्षा कोपऱ्यावर थांबलीय. अगं, हे काय? नानांच्या दारात बघ!

इंदिराबाई : हळू बोल. सडा घातलाय. आणि रांगोळी...

रतिलाल : रांगोळी म्हणायची का हिला? म्हैस चालून गेल्यासारखी दिसतेय.

तोताराम नाना : ऐकू येतं मला, भाऊ! तीन वेळा पुसली. अक्का, तुमच्या दारी वाकडी नको, म्हणून आधी आपल्या दारात हात बसवून घेतला. मधे गोळे पडलेत.

इंदिराबाई : पडू देत. घर जागं दिसतंय, नाना.

तोताराम नाना : शे ना? मग निघा तुम्ही, गाडी चुकेल. जातं ओढा अन् माझाही नमस्कार सांगा कानबाई आईला.

रतिलाल : नाना, ती पिशवी घेता का जरा, रिक्षापर्यंत?

तोताराम नाना : एका हातात बादली अन् एका हातात डबा, धरू कशात? समोरची लताबाई कालच गेली, तिचं दार आधी. उजाडायच्या आत सहा करायचीत.