आईंवरचं टिंब

...नाही, पण फुकट? फुकट म्हणजे किती फुकट, मी विचारलं, तर आमची मुलगी म्हणते, "बाबा, फुकट म्हणजे फुकट, त्यात किती काय असतं?" असतं! तुम्हाला सांगतो, असतं! मी वजनकाटे दुरुस्त करतो, आयुष्य गेलं त्यात, दुकानादुकानांतून काटे तपासत फिरतो, आणि जिथं दुकानदार म्हणाला ना, "या या, बसा, आधी चहा घ्या," तिथं मी आधी काट्याखाली हात घालतो. चुंबक असतंच! वर फुकटचा चहा आणि तळाशी चुंबक! फुकट कोण कुणाला काय देतं हो?

तर हे अ‍ॅप. घर चालवायचं अ‍ॅप. म्हणजे आजवर आम्ही घर काय ढकलत होतो? माणसं किती, तर मी, ही, आमची मुलगी, माझी आई आणि हिची आई. सासरे गेल्यापासून सासूबाई आमच्याकडेच असतात. ही कपडे धुण्याच्या कारखान्यात शिफ्ट इन्चार्ज, हॉटेलांच्या चादरी, दवाखान्यांचे पडदे, सगळा डोंगर हिच्या हाताखालून जातो, कुणी कुठल्या मशीनवर, कुणी इस्त्रीवर, पाळ्या लावायची सवय, मग घरीही तोच खाक्या! एक दिवस आली आणि म्हणाली, "या घरात कुणी कुणाला काही सांगत नाही, सांगितलं तर ऐकत नाही, ऐकलं तर विसरतं. आजपासून तोंडी काही नाही. सगळं अ‍ॅपवर!"

तोंडी काही नाही! साखर संपली, अ‍ॅपवर. नळ गळतोय, अ‍ॅपवर. अहो, मी स्वयंपाकघरात उभा, ही माझ्या शेजारी उभी, ही फोनवर काहीतरी टाइप करते, आणि माझ्या खिशात टुंग! मला वाटलं काय आलं बाबा, बघतो तर, "बाजूला सरकणे. तातडीचे."

सरकलो.

पण संशय म्हणजे संशय, तो काही सरकत नाही. मी त्या अ‍ॅपच्या अटी वाचल्या. सगळ्या! काट्यावरचे बारीक आकडे बघायचं भिंग आहे ना माझ्याकडे, ते घेऊन बसलो. मुलगी म्हणते, "बाबा, अटी वाचायच्या नसतात, मान्य करायच्या असतात!" ही कुठली पद्धत? पुढे लिहिलंय, 'आपला अनुभव सुधारण्यासाठी आम्ही आपली माहिती वापरू शकतो.' माझा अनुभव? या वयात? जो घरच्यांना सुधारता आला नाही तो हे परके सुधारणार, आणि वर फुकट? बरं, त्याच संध्याकाळी मी जिना चढताना नुसतं "आई गं, गुडघा" म्हणालो, नुसतं म्हणालो हो, आणि रात्री फोन उघडला तर गुडघ्याच्या तेलाची जाहिरात! मुलगी म्हणते योगायोग. योगायोग? गुडघा माझा, जिना माझा, आणि तेल त्यांना कसं आठवलं? फुकट कोण कुणाला काय देतं हो?

मी बजावलं. "वापरा, पण एकही खरं नाव त्या अ‍ॅपमध्ये जाता कामा नये!"

ही म्हणाली, "मग काय, कैद्यांसारखे नंबर देऊ?"

म्हटलं, "नातं लिही. नात्यावरून कोण ओळखणार?"

मला काय माहीत, आम्हीच ओळखणार नाही!

तर मी झालो 'अहो'. ही मला 'अहो'च म्हणते, त्यामुळे अ‍ॅपमध्येही 'अहो'. दिवसभर फोन बोंबलतोय, "अहो यांनी काम पूर्ण केलेले नाही." "अहो यांचे काम बाकी आहे." दुकानात काटा उघडून बसलोय, शेजारी गिऱ्हाईक उभं, आणि खिशातून बाई ओरडते, "अहो! कचरा!" गिऱ्हाईक दोन पावलं मागे!

आता या सगळ्यात माझी आई. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू. पिकलेला. डॉक्टर म्हणाले, आणखी थांबलात तर अवघड होईल. पण आई ऐकेल तर ना? "डोळ्याला सुरी? मी जिवंत असेपर्यंत नाही!" म्हटलं, "मग कधी?" तर म्हणे, "नंतर करा हवं तर." एकदा खुंटीवरच्या माझ्या कोटाला म्हणाली, "उभा का? बस की." कोट कशाला बसतोय? आई चिडली. "मोठा झालास म्हणून आईचं ऐकायचं नाही असं आहे का रे?" मी मागून म्हटलं, "आई, मी इकडे आहे." तेव्हा तिला कळलं. बराच वेळ त्या कोटाच्या बाहीवरून हात फिरवत राहिली, आणि म्हणाली, "बरं. करा."

हे 'करा' मिळवायला आम्हाला काय काय करावं लागलं, ते आमचं आम्हाला माहीत. तिचं मन म्हणजे सोनाराचा काटा, फुंकर मारली तरी फिरतं. आणि डॉक्टर बाहेरगावचे, ठरल्या दिवशीच येतात, नंबर चुकला तर पुन्हा कधी लागेल ते त्यांनाही ठाऊक नसतं. आमचा नंबर महिनाअखेरीला लावलेला.

आणि त्या सकाळी टुंग!

ही कारखान्यात, मुलगी परीक्षेला, मी दाढी करतोय. उघडून बघतो तर, "अहो – आईंना लगेच डोळ्यांच्या दवाखान्यात नेणे. कानातलं काढून ठेवणे."

आता मला सांगा. तुम्ही मराठी माणसं आहात, तुम्हीच सांगा! 'आईंना'! 'ई'वर टिंब! मी माझ्या आईला काय म्हणतो? आई. तिला नेतो म्हणजे 'आईला' नेतो. 'आईंना' कोण? मान देऊन कोण? सासूबाई! सरळ आहे की नाही? मी म्हटलं, सासूबाईंची तपासणी दिसते. गेलो त्यांच्याकडे. "आई, चला, डोळे दाखवायचेत."

"माझे?"

"अ‍ॅपवर आलंय."

"बरं," म्हणाल्या आणि निघाल्या. कानातलंही काढलं. "हे कशाला हो?" म्हणाल्या. मी म्हटलं, "तिथं चोऱ्या होत असतील." दारात माझी आई. "कुठं निघालात रे?" म्हटलं, यांना दवाखान्यात नेतोय. "सावकाश जा," म्हणाली, विहीणबाईंच्या पदराची दिशा धरून हसली, आणि आत गेली. गेली हो आत! जिला न्यायचं ती आत आणि मी बाहेर!

दवाखान्यात खिडकीवरची बाई विचारते, "आई ना तुमच्या?" म्हटलं, हो, आईच. खोटं काय त्यात? "आडनाव तुमचंच?" म्हटलं, माझं आडनाव माझंच आहे. "मोबाईल नंबर द्या, आम्ही फुकट आठवण पाठवतो." झालं! म्हटलं, "बाई, आठवण मी माझी ठेवतो." तिनं माझ्याकडे असं बघितलं, की यांच्याही डोळ्यांचं काहीतरी करायला हवं.

तेवढ्यात परिचारिका आली, तिनं सासूबाईंच्या कपाळावर चिकटपट्टी लावली, हिरवा झगा चढवला, आणि म्हणते, "काका, इथं सही करा, ऑपरेशनला घेतोय."

ऑपरेशन! बघा! बघा मी काय म्हणत होतो! तपासणीला बोलवायचं आणि ऑपरेशन गळ्यात मारायचं! मी असा आवाज चढवला, तुम्हाला सांगतो, रांगेतले पट्टी बांधलेले लोकसुद्धा माझ्याकडे बघायला लागले. "धडधाकट बाईला झगा घालता? हा काय धंदा आहे?" डॉक्टर बाहेर आले. शांत माणूस. म्हणाले, "एक मिनिट." सासूबाईंच्या एका डोळ्यात बॅटरी मारली. मग दुसऱ्या डोळ्यात मारली. मग माझ्याकडे बघितलं.

"यांची दोन्ही ऑपरेशनं झालेली आहेत."

"कुणी केली?" मी ओरडलो. "मी तर सहीच केली नाही अजून!"

सासूबाई म्हणतात, "अहो, माझं कधीच झालंय. तुमच्या लग्नाआधीच झालंय."

"मग आई, तुम्ही बोलला का नाहीत?"

"घरात तोंडी काही नाही असं ठरलंय ना? मला वाटलं, फोनला जास्त कळत असेल."

हिला फोन लावला. हिचा फोन कपाटात बंद. कारखान्याच्या ऑफिसात लावला, तिथून हिला बोलावलं, मागे मशीनचा धडधडाट, आणि ही त्या धडधडाटाच्या वर! "अहो, आईंना म्हणजे तुमच्या आईंना! एकाचं रद्द झालं म्हणून त्यांनी महिनाअखेरीऐवजी आजच बोलावलं! माझ्या आईला मी 'आईंना' कशाला म्हणू? स्वतःच्या आईवर कुणी टिंब देतं का?"

म्हटलं, "अगं, मग सासूच्या आईवर..."

"सासूच्या आईवर नाही, सासूवर!"

मशीन बंद पडलं असावं, कारण मागे बायका हसलेल्या मला स्वच्छ ऐकू आल्या.

डॉक्टर म्हणाले, "मला निघायचंय. तुम्ही येईपर्यंत एक पेशंट आधी घेतो, त्यानंतर थांबणार नाही." सासूबाई म्हणाल्या, "तुम्ही पळा. मी इथून उठत नाही, बघू कसे जातात." आणि झगा घालून दारातल्या खुर्चीत अशा बसल्या, की डॉक्टरांना बाहेर पडायला खिडकीच उरली!

घरी आलो. आई पलंगावर बसलेली. "आई, चल, तुझं ऑपरेशन आज आहे."

"आज? छे! माझ्या मनाची तयारी महिनाअखेरीची आहे."

"आई, डॉक्टर जातील!"

"जाऊ देत. तुझ्या फोननं विहीणबाईंना न्यायला सांगितलं ना? त्यात काहीतरी संकेत असेल. मी वाचले."

"अगं, फोनचं काय ऐकतेस, फोन चुकतो!"

बोललो आणि जीभ चावली. आई म्हणते, "चुकतो ना? मग त्या दवाखान्यातलं मशीनही चुकत असेल. डोळ्यात घालणारेत ते. आणि मला एक सांग, या डॉक्टरला आजच कशी माझी आठवण झाली? आपणहून बोलावतो म्हणजे काय? फुकट कोण कुणाला काय देतं रे?"

माझंच वाक्य! माझ्याच आईच्या तोंडून! तुम्हाला सांगतो, संशय हा रोग मला कुठून लागला ते त्या दिवशी कळलं. काटा दुरुस्त करता येतो, काटा बनवणाऱ्याला कोण दुरुस्त करणार? घड्याळाकडे बघितलं. म्हटलं संपलं, ही आता जन्मभर कोटाशी बोलणार. कपाळाला हात लावून म्हटलं, "बरं, नको येऊस. मी जाऊन सासूबाईंना घेऊन येतो."

"घेऊन येतो म्हणजे? त्या कुठंयत?"

"तिथंच. तुझी जागा धरून बसल्यात."

"एकट्या?"

"हो."

"परक्या ठिकाणी? त्यांना एकटं सोडून आलास? पाणी तरी विचारलंस का? चहा?" आई उठली! "मुलीची आई आपल्याकडे राहते, आणि तू तिला दवाखान्यात तारण ठेवून आलास? काय म्हणतील त्या आपल्या घराला? चप्पल कुठाय माझी? ती नव्हे, ती तुझी! कानातलं काढ हे माझं. बघत काय बसलास?"

जी बाई डोळ्यासाठी उठली नाही, ती विहिणीच्या चहासाठी उठली! रिक्षात सारखी म्हणत होती, "आधी त्यांना चहा, मग माझं काय ते." आणि तसंच झालं. डॉक्टर हातमोजे घालून उभे, आणि आई दारात सासूबाईंचा हात हातात घेऊन म्हणतेय, "माफ करा हो, पोराला अक्कल नाही." सासूबाई म्हणतात, "असू दे, माझ्या मुलीनं चालवून घेतलंय." दोघी हसल्या. मग आई आत गेली. वळून मला म्हणाली, "इथंच थांब." मी थांबलो. फोन वाजत होता खिशात, टुंग, टुंग, नाही बघितला.

झालं व्यवस्थित. पट्टी सुटली त्या दिवशी सगळे घरी आईच्या खाटेभोवती जमलो, तोंडी जमलो, अ‍ॅपवर न लिहिता! मला वाटलं, आता आई माझ्याकडे बघेल, डोळ्यांत पाणी येईल, म्हणेल, बाळा... तिनं डोळा उघडला, मिचकावला, आणि म्हणाली, "तो फोन दे रे." दिला. तिनं अ‍ॅप उघडायला लावलं, हात लांब करून अक्षर न् अक्षर वाचलं, "अहो. माळा साफ करणे. काम पूर्ण." मग मान वर केली. माळ्याकडे बघितलं. पुन्हा फोनकडे बघितलं.

"तिथं कोपऱ्यात जळमट आहे," म्हणाली. "मला इथून दिसतंय."

असो. तुम्ही खाली उभे राहून इतका वेळ ऐकून घेतलंत, उपकार आहेत... आता जरा ती शिडी धरता का? हिनं ती काढून नेली तर मी माळ्यावरच राहायचो.