लीड्सच्या घराला कुलूप

मोशीच्या थांब्यावर शेजारच्या दोघींचं बोलणं शालनबाईंच्या कानावर पडलं, आणि आलेली बस त्यांनी खुशाल जाऊ दिली. म्हातारी आत्या विचारत होती, भाची जयमाला सांगत होती.

“सुट्टी किती दिसांची गं?”

“सुट्टी नाही, आत्या. लीड्सचं घर विकलं. कायमची आले.”

“आन् नोकरी?”

“सोडली. चाकणला स्वतःचं वर्कशॉप टाकतेय.”

“बावीस वर्सं ऱ्हायलीस त्या घरात. जीव तुटला आसंल.”

“तुटला की. रिकाम्या खोल्यांतून फिरले, कुलूप लावलं, उंबऱ्याला हात लावला आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं, जाते.”

“अगं बाई! जाते म्हनू न्हाई. येते म्हनावं.”

“ते तुझ्या दारातून निघताना म्हटलं होतं, आत्या. आले की नाही?”